सही सरांची, सुरी कोणाची?

"मॅडम, माझं नाव आणि गाव छापू नका. मी २९ वर्षांची आहे. बी.एस्सी.नंतर डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका केली आणि गेली सहा वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका खासगी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीचं, म्हणजे शरीरातून काढलेल्या नमुन्यांच्या तपासणीचं काम बघते. प्रोसेसिंग, एम्बेडिंग, कटिंग, स्टेनिंग सगळं मीच करते. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. अपेंडिक्स, पित्ताशय असे नमुने त्यांनी मला शिकवलेत, ते मी कापते. आता लॅबचे मालक म्हणतात, गर्भाशय आणि स्तनाचे नमुनेही तूच कर, सर व्हिडिओ कॉलवर असतील. गेल्या आठवड्यात एक गर्भाशय मी तसं कापलं, तेव्हापासून मनाला चैन नाही. घाई असली की सर स्लाइडचे मोबाइलवरचे फोटो बघून निदान सांगतात. मी टाइप करते आणि त्यांची स्कॅन केलेली सही लावून रिपोर्ट सोडते, पासवर्ड माझ्याकडेच असतो. त्यात आता बारावी झालेला एक मुलगा सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन आलाय. त्याला मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर बसव, असं मला सांगितलंय. मी स्वतः पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी केलेली नाही. मालक म्हणतात, हिस्टोला ती लागत नाही. न्यू जर्सीत एका लॅबमध्ये असलेली माझी आतेबहीण म्हणते, तिकडे ग्रॉसिंग, म्हणजे नमुना कापून तपासायचे तुकडे निवडणं, टेक्निशियनच करतात, तू उगाच घाबरतेस. नोकरी सोडणं परवडणारं नाही, वडिलांचं औषधपाणी माझ्या पगारावर चालतं. मी काय करू शकते आणि काय करायला नको?"

* * *

पासवर्डपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

गुजरातमध्ये पॅथॉलॉजिस्टशिवाय चालणाऱ्या लॅबचा वाद बरीच वर्षं कोर्टात होता. तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल २०१० मध्ये लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी त्यावर पडदा पडला. लॅबच्या रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच, ही मेडिकल कौन्सिलची भूमिका कोर्टानं उचलून धरली. रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून त्यानंतरही वाद होत राहिले. बायोप्सीबद्दल वादाला जागाच नाही. तिथे रिपोर्ट म्हणजे आकडा नसतो, एका डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली बघून दिलेलं मत असतं. "मी ही स्लाइड पाहिली" एवढाच त्या सहीचा अर्थ आहे. सरांनी स्लाइड पाहिलेली नाही आणि सही तुमच्या बोटानं लागली, तर तो कागद खोटा झाला. निदान बरोबर निघालं तरी खोटाच.

तुम्ही म्हणाल, सरांनीच तर पासवर्ड दिलाय. उद्या काही वावगं झालं तर तो दिला होता हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येईल, कारण संगणकात लॉगिनची वेळ राहते आणि त्या वेळी खुर्चीत कोण होतं हे सगळ्या लॅबला माहीत असतं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुमचा हेतू अप्रामाणिक नाही, हे मला पत्रातूनच कळतं. पण हेतू काय होता हे सांगत कोर्टाच्या पायऱ्या चढायची पाळी तुमच्यावर का यावी? आणि सर यातून सुटत नाहीत. सह्या वापरायला देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांवर महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं कारवाई केलेली आहे. म्हणून हे त्यांच्याशी बोलताना तक्रारीचा सूर लावू नका, काळजीचा लावा. "सर, पासवर्ड बदला आणि मला सांगू नका. फोटो बघून तुम्ही काही सुचवलंत तर मी ते सर्जनना 'तोंडी, तात्पुरतं' म्हणून कळवते. छापील रिपोर्ट तुम्ही स्लाइड बघितल्यावर तुम्हीच सोडा." एवढी तीन वाक्यं पुरतात. माणूस बरा असेल तर त्याला सुटल्यासारखंच वाटेल.

आता सुरीकडे येते. तुमचा खरा प्रश्न तो आहे आणि मलाही त्यावर जास्त बोलायचंय.

आपल्या, म्हणजे हिस्टो तंत्रज्ञांच्या, कामाचे तीन थर आहेत. वरचा थर डोळ्याचा, म्हणजे निदान. तो आपला नाही, हे कोणीही मान्य करतं. खालचा थर हाताचा: टिश्यू प्रोसेसरला लावणं, मेणात बसवून ब्लॉक करणं, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे अतिपातळ काप काढणं, ते एच अँड ई या नेहमीच्या रंगांनी रंगवणं. तो पूर्णपणे आपला आहे, आणि सरांनी मनात आणलं तरी तो तुमच्याइतका चांगला त्यांना जमणार नाही. मधला थर ग्रॉसिंगचा. तिथे हात आणि डोळा एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून सगळी गडबड तिथेच होते. बघणाऱ्याला ती कापाकापी वाटते. प्रत्यक्षात निदानाचा निम्मा भाग त्या पाटावरच ठरतो. एक अख्खा अवयव समोर असतो आणि त्यातले पाच, दहा, वीस तुकडे कॅसेटमध्ये, म्हणजे पुढे पाठवायच्या छोट्या डब्यांत जातात. जे कॅसेटमध्ये गेलं नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली येणार नाही. सर कितीही हुशार असले तरी त्यांना दिसेल ते तुम्ही निवडलेलंच.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगते. नोकरीला दोनेक वर्षं झाली होती. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. एका बाईच्या गालावरची गाठ काढून कातड्याचा लहानसा लंबगोल तुकडा आला होता. सर्जननं एका टोकाला काळ्या रेशमाचा लांब दोरा बांधला होता. पॅथॉलॉजिस्ट मीटिंगमध्ये होते, प्रोसेसर साडेचारला लावायचा होता आणि मी कामात पटाईत समजली जायचे. ब्लेडखाली दोरा अडकतो म्हणून मी तो आधी कापून टाकला. मग तुकड्याचे पावाच्या लादीसारखे नीट, सारख्या जाडीचे काप केले. फार सुबक दिसत होते ते! कडा ओळखू याव्यात म्हणून लावायची शाईही लावली नव्हती. चार दिवसांनी रिपोर्ट निघाला: गाठ कडेपर्यंत पोचलेली आहे. सर्जननं फोन करून विचारलं, "कुठल्या कडेपर्यंत? डोळ्याकडच्या की कानाकडच्या?" ते सांगणारी एकच गोष्ट होती, तो दोरा, आणि तो मी कचऱ्यात टाकला होता. त्या बाईला पुन्हा टेबलावर घेतलं आणि चारी बाजूंनी कातडं काढावं लागलं. एका बाजूनं भागलं असतं. मला कोणी रागावलं नाही. पॅथॉलॉजिस्टांनी फक्त विचारलं, "दोरा कशासाठी असतो हे तुला कोणी सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. त्या प्रश्नानं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. माझा हात तयार होता. तो कशावर चाललाय, हे मात्र मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून कोणी मला "टेक्निशियननं ग्रॉसिंग करावं का" असं विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या नमुन्याचं? एंडोस्कोपीतून आलेले गव्हाच्या दाण्याएवढे तीन तुकडे मोजायचे, मापायचे, गाळणकागदात गुंडाळून कॅसेटमध्ये ठेवायचे, त्यात काय कापायचं हे ठरवावं लागत नाही. अपेंडिक्सचं ठरलेलं असतं: टोक उभं, मधला आडवा काप, बुंध्याची कड. तेवढं सरांनी समोर उभं राहून शिकवलं असेल, त्यांनी लेखी परवानगी दिली असेल आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की तुम्ही थांबत असाल, तर ते करायला माझी हरकत नाही. पित्ताशयाचंही तसंच, पण भिंत कुठे जाड किंवा खरखरीत लागली तर सुरी खाली ठेवायची. स्तन, आतड्याचा कर्करोग, थायरॉइड, कर्करोगासाठी काढलेलं गर्भाशय इथे मात्र नाही. व्हिडिओ कॉलवर तर मुळीच नाही.

व्हिडिओ कॉलला माझा विरोध का, ते सांगते. स्तनातली गाठ पुष्कळदा दिसत नाही, लागते. पिवळ्या चरबीतून सुरी सरळ उतरत असते आणि मध्येच कच्च्या पेरूतून जावी तशी करकरते. तिथे गाठ असते. काखेतल्या चरबीतले लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, तर अंगठा आणि तर्जनीमध्ये चरबी चिरडत चिरडत शोधावे लागतात, काही काही डाळीएवढेसुद्धा नसतात. आतड्याच्या कर्करोगात किमान बारा नोड तपासले जावेत अशी अपेक्षा असते आणि ते बारा सापडतात ते बोटांना. हे बोटांचं ज्ञान कॅमेऱ्यातून पलीकडे जात नाही. सरांना पलीकडे एक पिवळं चित्र दिसेल आणि ते म्हणतील, "हां, ठीक आहे, घे." तुमच्या बोटांना काय लागलं ते त्यांना कळणार नाही, आणि जे लागलं त्याचा अर्थ तुम्हाला कोणी शिकवलेला नाही.

मग सर नसतील त्या दिवशी आलेल्या नमुन्याचं काय करायचं? हा प्रश्न खरा आहे, आणि "थांबा" हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना टिकवणारं द्रावण, ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं. अख्खा स्तन न कापता शुक्रवार रात्रीपासून मंगळवारपर्यंत बरणीत पडला, तर बाहेरून घट्ट आणि आतून कुजलेला निघेल. स्तनाच्या कर्करोगात कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-टूच्या तपासणीसाठी नमुना सहा ते बहात्तर तास फॉर्मॅलिनमध्ये असावा लागतो आणि शरीरातून निघाल्यापासून तासाभरात तो फॉर्मॅलिनमध्ये पडावा लागतो. या वेळा चुकल्या तर ज्या बाईला हार्मोनच्या गोळ्यांचा फायदा झाला असता तिचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. इतकं सगळं त्या वेळेवर अवलंबून आहे! म्हणून सर्जन आणि सर यांनी मिळून ठरवायचं की स्तनाची शस्त्रक्रिया सोमवारी किंवा गुरुवारी लावायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी सर असतात. ते जमत नसेल तर नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे रोज पॅथॉलॉजिस्ट असतो, तिथे लगेच पाठवायचा. आणि अगदीच अडलं, तर सरांनी आधी प्रत्यक्ष शिकवलेल्या आणि लिहून दिलेल्या पद्धतीनं फक्त शाई लावून एक-दोन सरळ काप द्यायचे, फॉर्मॅलिन आत जाण्यापुरते. तुकडे निवडायचे नाहीत. फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट तरी हवं. खासगी लॅबमध्ये बरणी लहान आणि नमुना कोंबलेला, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

तुमच्या आतेबहिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमचं उत्तर आहे. अमेरिकेत १९८८ चा लॅबविषयक केंद्रीय कायदा आहे, त्याला सगळे क्लिया म्हणतात. मेणात बसवणं, कापणं, रंगवणं याला तो 'तपासणी' मानतच नाही, त्यामुळे त्या कामासाठी केंद्राची शिक्षणाची अट नाही. ती राज्यं घालतात. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात हिस्टॉलॉजीच्या तंत्रज्ञाला राज्याचा परवाना लागतो, न्यू जर्सीत लागत नाही. बाकी ठिकाणी नोकरी देणारे एएससीपी या तिथल्या पॅथॉलॉजी संस्थेची एचटी किंवा एचटीएल ही हिस्टो तंत्रज्ञांची परीक्षा मागतात. पण ग्रॉसिंग? ते तिकडे 'उच्च गुंतागुंतीच्या तपासणी'त धरलेलं आहे. ते करणाऱ्याकडे किमान दोन वर्षांची, विज्ञानाचे ठरावीक तास असलेली कॉलेजची पदवी किंवा तेवढंच शिक्षण असावं लागतं. शिवाय प्रशिक्षण, पॅथॉलॉजिस्टची देखरेख आणि कामाची नोंदवलेली पडताळणी आलीच. मोठे अवयव कापणारे 'पॅथॉलॉजिस्ट्स असिस्टंट' हा तर तिथे स्वतंत्र पेशा आहे, त्याचं वेगळं पदव्युत्तर शिक्षण आहे. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजनं तपासनिसांसाठी जी फोड केली आहे ती मला फार पटते: शरीररचनेचं ज्ञान न लागता नमुना नुसता पुढे द्यायचा असेल तर ते प्रोसेसिंग, ज्ञान आणि निर्णय लागत असेल तर ते ग्रॉसिंग. इंग्लंडमध्ये नमुन्यांचे ए ते ई असे गटच पाडलेत. नुसता उचलून ठेवायचा तो ए, अवघड कर्करोगाचे अवयव वरच्या गटात. बायोमेडिकल सायंटिस्ट तिथे वरच्या गटांपर्यंत जाऊ शकतात, पण पायरीपायरीनं परीक्षा देऊन, आणि मुळात सरकारी नोंदवहीत नाव असेल तरच. तेव्हा बहिणीला एवढंच विचारा, "तुझ्या लॅबमध्ये ग्रॉसिंग करणाऱ्याच्या फाइलमध्ये कोणकोणते कागद असतात?" ती फाइल जाडच असणार.

आता तुमच्या स्वतःच्या कागदाकडे. "हिस्टोला नोंदणी लागत नाही" हे मालकांचं म्हणणं साफ चूक आहे. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी संसदेनं मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत. पहिलाच गट वैद्यकीय प्रयोगशाळेचा आहे आणि त्यात मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट, सायटोटेक्नॉलॉजिस्ट यांच्या पंगतीत हिस्टोटेक्नॉलॉजिस्ट हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केला तर पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या राज्यात त्याआधीचा महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ आहे. तुम्ही जिला पॅरामेडिकल कौन्सिल म्हणता ती परिषद त्या कायद्यातून आली. तंत्रज्ञांच्या नोंदणीची जागा तीच.

तुम्ही बी.एस्सी. आणि डीएमएलटी आहात, म्हणजे शिक्षणाची बाजू बहुधा भक्कम आहे. 'बहुधा' म्हणते, कारण आपल्याकडे डीएमएलटी ही चार अक्षरं फार जणांनी वाटली आहेत. तांत्रिक शिक्षण मंडळाची, विद्यापीठाची मान्यता असलेली पदविका वेगळी आणि बसस्टँडसमोरच्या दोन खोल्यांतून मिळालेली वेगळी. तुमच्या संस्थेचा अभ्यासक्रम परिषदेला मान्य आहे का, एवढं आधी बघा. मूळ गुणपत्रिका, पदविका, ओळखीचा आणि जन्मतारखेचा पुरावा गोळा करा आणि या महिन्यातच अर्ज टाका. मालकांना विचारत बसू नका. हा कागद तुमच्या नावाचा आहे, लॅबच्या नाही. लॅब बदलली तरी तो तुमच्याबरोबर येतो. अर्जाची पोच मिळाली की तिची प्रत लॅबच्या फाइलला लावा आणि एक घरी ठेवा.

राहिला तो मुलगा. इथे मला सांभाळून लिहायला हवं, कारण मला मायक्रोटोम शिकवणारा माणूस स्वतः वॉर्डबॉय म्हणून लागलेला होता. शाळा सातवीपर्यंत. त्याच्या हाताखालून मेणाची फीत अशी निघायची की तिच्यावर सुरकुती शोधून सापडायची नाही. हाताची बोटं मेणावर ठेवूनच तो सांगायचा, ब्लॉक अजून गार व्हायचाय. त्या पिढीतल्या अशा माणसांवर आपल्या सरकारी रुग्णालयांचा हिस्टॉलॉजी विभाग उभा राहिला आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण शेवटपर्यंत कागदावर चतुर्थ श्रेणीतच राहिले. नव्या कायद्यात तसल्या माणसाला वाट नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्याला शिकवायला शेजारी एक जाणता माणूस दहा वर्षं उभा होता, हेही खरं आहे. या मुलाला तुम्ही किती दिवस देणार? केंद्राच्या कायद्यात सहयोगी व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण सांगितलंय. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट त्याच्या जवळपासही जात नाही.

आणि मायक्रोटोमवर चूक होते ती काही नुसती सेक्शन फाटण्याची नसते. काप पसरवायच्या वॉटर बाथच्या पाण्यावर आधीच्या ब्लॉकचा एक कण तरंगत राहिला आणि पुढच्या रुग्णाच्या सेक्शनला येऊन चिकटला, तर एका निरोगी माणसाच्या स्लाइडवर दुसऱ्याचा कर्करोग दिसतो. तुम्ही सहा वर्षं प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्यावरून टिश्यू पेपर फिरवत असाल, हात आपोआप जात असेल. तो का जातो, हे त्या मुलाला अजून माहीत नाही. म्हणून रुग्णाच्या ब्लॉकवर त्याला बसवू नका. रुग्णाचं नाव-नंबर लिहायलाही नको, कॅसेटवरचा चुकलेला आकडा तर कोणालाच दिसत नाही. रिएजंट भरणं, मेण गाळणं, भांडी, बरण्या, कचऱ्याच्या रंगीत पिशव्या, तुमच्या नजरेखाली स्टेनिंगच्या ट्रे लावणं, हे सगळं त्याला द्या. टाकाऊ टिश्यूचे ब्लॉक करून दुपारी अर्धा तास त्याला त्यावर हात बसवू द्या. ब्लेडला संरक्षक पट्टी लावल्याशिवाय ब्लॉक बदलायचा नाही, हे पहिल्या दिवशी. आणि त्याला बाजूला घेऊन मान्यताप्राप्त पदविका किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम करायला सांगा. आणखी दोन वर्षं गेली की मग त्याला कोणी शिकायला पाठवणार नाही. पगार सुरू झालेला असतो, घरची माणसं त्यावर अवलंबून असतात. तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको.

मालकांशी बोलायचं कसं? "मी करणार नाही" असं म्हणू नका. "मी काय काय करीन याची यादी सरांकडून लिहून घेते" असं म्हणा. प्रयोगशाळांच्या आयएसओ १५१८९ मानकात, ज्यावर एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता दिली जाते, हीच अपेक्षा आहे: कुठल्या कर्मचाऱ्याला कुठल्या कामाचा अधिकार दिला, तो कोणी दिला, त्याची क्षमता कधी तपासली, याची लेखी नोंद हवी. महाराष्ट्रानं केंद्राचा दवाखाने आणि लॅबच्या नोंदणीचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही, त्यामुळे तालुक्यातल्या लॅबमध्ये येऊन हे कोणी विचारत नाही. मालकांना तेच सोयीचं वाटतं. पण लॅबला कधी विमा कंपनीचं किंवा मोठ्या रुग्णालयाचं काम हवं असेल तर मान्यता लागेल, आणि मान्यतेला आलेला तपासनीस पहिल्यांदा हीच यादी मागेल. मालकांना फायद्याची भाषा कळते, त्या भाषेत सांगायला काही लाज नाही.

यादी एका पानाची पुरे. डावीकडे नमुन्याचं नाव. मधे 'तंत्रज्ञ करेल', 'तंत्रज्ञ करेल, सर चोवीस तासांत बघतील', 'फक्त सर' यांपैकी एक. उजवीकडे सरांची सही आणि तारीख. ही सही पेनानं केलेली हवी. खाली एक ओळ: यादीत नसलेला किंवा नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा प्रत्येक नमुना 'फक्त सर'. आणि दोरा, क्लिप, टाका लावून आलेला प्रत्येक नमुना 'फक्त सर', मग तो नखाएवढा का असेना. ही ओळ माझ्याकडून.

एवढं करूनही मालक ऐकणार नाहीत, असं होऊ शकतं. तसं झालं तर एक साधा ईमेल सरांना करा, मालकांना प्रत: अमुक तारखेला अमुक नमुना सर उपस्थित नसताना कापायला सांगितलं, मी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सरांची वाट बघत आहे. आरोप नको, विशेषणं नकोत. आणि दुसरीकडे शांतपणे अर्ज करायला लागा. वडिलांच्या औषधांचं ओझं मला समजतं, म्हणून आजच राजीनामा द्या असं मी सांगणार नाही. पण नोंदणी असलेला, सेक्शन स्वच्छ काढणारा हात शोधत असलेले पॅथॉलॉजिस्ट मला माहीत आहेत आणि ते दरवेळी कुरकुरतात की असं माणूस मिळत नाही. तुमची पहिली नोकरी मिळाली तेव्हा तुम्ही शिकाऊ होता. आता तुम्ही तशा नाही आहात. पगाराचं बोलतानाही हे लक्षात असू द्या.

शेवटची गोष्ट गेल्या आठवड्यातल्या गर्भाशयाची. ती छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून मी तुम्हाला त्याच दिवशी निरोप पाठवला होता. इतरांसाठी इथे लिहिते. कापून उरलेला नमुना रिपोर्ट गेल्यानंतर निदान दोन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवायचा असतो, तो अशाच प्रसंगासाठी. बरणी जागेवर आहे का बघा, तिच्यावर 'टाकू नये' अशी चिठ्ठी लावा आणि सर आले की चहाच्या आधी ती त्यांच्यासमोर ठेवा, असं मी कळवलं होतं. काल तुमचं उत्तर आलं. सरांनी मंगळवारी बरणी उघडली, स्वतः हातमोजे घातले, सर्व्हिक्सच्या बाजूनं आणखी तीन तुकडे घेतले आणि ते कुठून आणि का घेतले हे तुम्हाला शेजारी उभं करून दाखवलं. ते तीन ब्लॉक तुम्हीच कापा. सेक्शन चांगले निघतील.